पाचारण रिट्रीट, सावंतवाडी-वेंगुर्ले पट्टा: जाऊन आले, लिहितेय

सरळ सांगते, ज्यांना कुणीतरी एकदाचं "तू सिस्टर (चर्चची संन्यासिनी) हो" नाहीतर "तू गप लग्न कर" असं सांगून मोकळं करावं असं वाटतंय त्यांनी इथे जाऊन सुट्टी फुकट घालवू नका. इथे कुणी काही सांगत नाही. विचारून विचारून दमाल, फादर सांगणार नाहीत, सिस्टर सांगणार नाहीत, आणि मी पाचपैकी चार स्टार देतेय ते ह्याच गोष्टीसाठी.

तर हे आहे पाचारण रिट्रीट. देवानं आपल्याला नक्की कशासाठी बोलावलंय ते शांत बसून शोधायचं शिबिर, सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका साधना केंद्रात. केंद्राचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि चालवणारी माणसं भली आहेत, तुमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, फादरांना विचारलंत तर ते बरोबर पत्ता देतील. मी वसईची, बँकेत नोकरी, लग्नाचं वय हातातून चाललंय असं मावश्यांचं मत, आणि चर्चच्या प्रत्येक कामात पुढे असते म्हणून बाकीच्यांचं मत की ही पोरगी शेवटी कॉन्व्हेंटलाच, म्हणजे सिस्टरांच्या मठात, जाणार. दोन्ही पार्ट्या मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटल्यावर गेटवरच गाठतात. अशा कुणाला ओळखत असाल तर हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी.

जायचं कसं ते आधी उरकते. मुंबई-वसईकडून येणाऱ्यांनी ठाण्याला रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी सावंतवाडी रोड. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षावाला आधी जास्त सांगतो मग खाली येतो. तुतारीपण आहे दादरवरून. मी गेले तेव्हा आंब्याला मोहोर आलेला, हवा मस्त, चिऱ्याची जुनी बांधलेली इमारत, मागे सुपारीची बाग, समुद्र दिसत नाही पण वारा येतो. खोल्या एकेकट्याच्या, पलंग, टेबल, क्रूस, मच्छरदाणी, बास. कमोड तीन खोल्यांत मिळून एक आणि गरम पाणी सकाळी लवकर गेलात तरच. फी नाही, शेवटी पाकीट देतात, जे जमेल ते टाका. नोकरी नसलेल्या पोरांना कुणी काही विचारत नव्हतं हे मला आवडलं.

पहिल्याच संध्याकाळी फोन जमा. लोखंडी कपाटात ठेवतात, कुलूप लावतात, घरच्यांना ऑफिसचा नंबर द्यायचा. आणि मग मौन. जेवतानापण मौन, आणि ते सगळ्यात अवघड, कारण समोरच्याला सोलकढी पास कर म्हणून सांगायला पण हातवारे. स्वयंपाकघरातल्या मावशींना मौनाचा नियम लागू नाही, त्या वाढता वाढता एकट्याच बोलत असतात, मला म्हणाल्या "बोलूचा नाय ता ठीक हा गो बाय, पण जेवूचा तरी पोटभर". जेवण एक नंबर. सकाळी घावणे नाहीतर पेज, दुपारी उकड्या तांदळाचा भात, बांगडा, काळ्या वाटाण्याची उसळ. शुक्रवारी मटण-चिकन नाही हे आपल्याला माहितीय पण मासे असतात त्यामुळे कुणी उपाशी मरत नाही.

आता मुद्द्याचं. दिवसाचा आराखडा असा की सकाळी प्रार्थना, मग फादर पंधरा-वीस मिनिटं पवित्र शास्त्रातला एखादा भाग समजावून देतात, मग आपण एकटं बसायचं तासभर, असं दिवसातून तीन-चार वेळा, संध्याकाळी मिस्सा, रात्री आराधना. मिस्सा मराठीत, गाणी अर्धी मराठी अर्धी कोंकणी, सिंधुदुर्ग धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) २००५ साली पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला पण इकडच्या लोकांचं गाणं अजून गोव्याकडेच बघतं आणि ऐकायला फार गोड वाटतं. हे सगळं कुठल्याही रिट्रीटला असतं. इथे जे वेगळं आहे ते म्हणजे रोजचा अर्धा तास, तुम्ही आणि तुमचा मार्गदर्शक, बंद दाराआड नाही, व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून. मला एक वयस्कर सिस्टर मिळाल्या. सगळे पैसे ह्या अर्ध्या तासाचे समजा.

मी पहिल्या दिवशी जाऊन नेहमीचं वाक्य टाकलं. "सिस्टर, देवाची इच्छा काय आहे तेच कळत नाही." त्यांनी विचारलं, "बरं, तुझी काय आहे?" मी गप्प. खरंच गप्प, कारण मला आई काय म्हणेल ते माहिती होतं, मावशी काय म्हणेल ते माहिती होतं, आमचे फादर काय म्हणतील ते पण पाठ होतं. त्या म्हणाल्या, "आज बायबलमधला मार्कचा दहावा अध्याय घे, बार्तिमयचा भाग, आणि येशू त्याला काय विचारतो तेवढंच बघ." आता हा भाग लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. आंधळा माणूस रस्त्याच्या कडेला ओरडतोय, लोक त्याला गप्प करतायत, येशू थांबतो, बोलावतो, आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं. अहो, समोर दिसतंय ना तो आंधळा आहे! तरी विचारतो. त्याच्या तोंडून वदवून घेतो. मी त्या एका प्रश्नावर सुपारीच्या बागेत अख्खी दुपार बसले आणि वहीत चार ओळीसुद्धा धड लिहिता आल्या नाहीत, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी वहीचं पान मधोमध दुमडायला सांगितलं. डावीकडे लिहायचं, गेल्या वर्षभरात काय करताना छान वाटलं. उजवीकडे, ते संपल्यावर दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. एवढंच. आणि मग संत इग्नेशियसची गोष्ट सांगितली, जी मला पुसटशी माहिती होती पण ह्या अँगलनं नाही. इग्नेशियस म्हणजे लोयोलाचा सरदार घराण्यातला माणूस, १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला, घरी महिनोन् महिने पडून. वाचायला शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या तर घरात नव्हत्या, मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग पडल्या पडल्या दोन प्रकारची दिवास्वप्नं, एक म्हणजे कुणा मोठ्या घरच्या बाईसाठी पराक्रम गाजवायचे, दुसरं म्हणजे फ्रान्सिस आणि डॉमिनिक ह्या संतांनी केलं तसं आपण करायचं. दोन्ही बघताना मजाच यायची. पण पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं आणि दुसरं संपलं तरी आनंद टिकून राहायचा. हा फरक त्याच्या लक्षात आला आणि पुढचं सगळं तिथून निघालं, येशूसंघ (जेझुइट फादरांची संस्था) पण आणि १५४८ मध्ये पोपनी मान्यता दिलेलं साधनेचं पुस्तक पण. म्हणजे देवाचा आवाज आकाशातून आला नाही, स्वतःच्याच मनाचा हिशेब नीट ठेवला त्यातून सापडला. बँकवाली असल्यामुळे मला हे एकदम पटलं.

मग माझं पान. डावीकडे पहिलं नाव अर्थात क्वायरचं, ख्रिसमसला सोलो गायले, लोकांनी डोक्यावर घेतलं. उजवीकडे लिहायला गेले तर आठवलं की दुसऱ्या दिवशी मी घरात सगळ्यांवर खेकसत होते आणि कुणी कुणी कौतुक केलं नाही ते मोजत होते. डावीकडे तिसरं-चौथं कुठेतरी होतं, महिन्यातून एकदा आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडे जाणं, कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घेऊन फादर जातात तेव्हा सोबत. ते करताना खरंतर कंटाळा येतो, एक आजोबा तीच ती गोष्ट सांगतात. पण उजवीकडे लिहिताना हात थांबेना. घरी आल्यावर झोप छान लागते, आईशी नीट बोलते, दोन दिवस तसंच राहतं. हे मला माहिती नव्हतं का? माहिती असणारच, पण कागदावर समोरासमोर आलेलं नव्हतं.

मी लगेच उडी मारली, म्हणजे सिस्टर, कॉन्व्हेंटच ना? त्या हसल्या. "लग्न झालेल्या बायका आजाऱ्यांकडे जात नाहीत?" आणि त्या दिवशीचा अर्धा तास तिथेच संपला. चिडले मी, खोटं कशाला बोलू.

नंतर फादरनी एका सत्रात ह्याचं कारण सांगितलं. इग्नेशियसच्या त्या पुस्तकात मार्गदर्शकालाच ताकीद आहे की समोरच्याला व्रताकडे, म्हणजे व्रतं घेऊन संन्यासी होण्याकडे, ढकलू नको आणि त्याच्या उलट बाजूलाही ढकलू नको, तराजूच्या काट्यासारखा मधे उभा राहा, देव आणि तो माणूस आपापसात बघून घेतील. सोळाव्या शतकातला माणूस हे लिहून गेलाय आणि आपल्याकडे अजून "घरात एक तरी फादर हवा" म्हणून दहावीच्या पोराला सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या संस्थेत) टाकणारे आजोबा आहेत, किंवा ह्याच्या उलट, एकुलता एक मुलगा म्हणून फादर व्हायला निघालेल्याच्या पायात पाय घालणारे. दोन्ही घरं माझ्या ओळखीतली आहेत.

मधे एक दुपार फार वाईट गेली. सगळं फालतू वाटायला लागलं, प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलणं वाटलं, मी बॅग भरली आणि ऑफिसात जाऊन म्हटलं माझा फोन द्या. फादर म्हणाले, "देतो की. गाडी रात्रीची आहे, आत्ता तीन वाजलेत. पण तू यायचं ठरवलंस तेव्हा मन कसं होतं?" म्हटलं चांगलं होतं. "मग वाईट मनानं तो निर्णय बदलू नको. जेव, झोप, सकाळी चांगलं वाटल्यावर पण जावंसं वाटलं तर मी स्वतः स्टेशनवर सोडतो." हा पण इग्नेशियसचाच नियम निघाला, मन उजाड असताना आधी केलेला निश्चय हलवायचा नाही. हा नियम नोकरी सोडताना, साखरपुडा मोडताना, भावाशी भांडून वेगळं राहायला निघताना, सगळीकडे चालेल असं माझं स्पष्ट मत आहे. चर्चला न जाणाऱ्यांनी पण घ्यावा.

शेवटच्या टप्प्यात निर्णय कसा घ्यायचा ह्याचं सत्र, आणि ते खरंच वही भरून लिहून घेण्यासारखं. पहिली गोष्ट, निवड दोन चांगल्या गोष्टींमधली असते, चांगलं आणि वाईट असा प्रश्न असेल तर रिट्रीटची गरजच नाही. दुसरी, काही निवडी परत फिरवता येत नाहीत, लग्न आणि गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) त्यातल्या, आणि काही येतात, नोकरी वगैरे, तर दोन्हींना सारखं घाबरायचं कारण नाही. मग मन शांत असेल तर डोकं वापरा, ह्या बाजूचे फायदे-तोटे, त्या बाजूचे फायदे-तोटे, मांडा सगळं. त्याउपर एक गंमत आहे, कल्पना करा की तुमच्यासारखीच अडचण घेऊन एक पूर्ण अनोळखी माणूस तुमच्याकडे आलाय, त्याला काय सांगाल? आम्हाला खरंच पत्र लिहायला लावलं. मी त्या अनोळखी मुलीला लिहिलं की बाई गं, तू मावश्यांना टाळायला कॉन्व्हेंट शोधतेयस का ते आधी बघ. लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. अजून एक आहे, मरणाच्या दारात असताना आज काय ठरवलेलं असावंसं वाटेल, तो विचार मला झेपला नाही, काहींना फार भावला.

आणि हो, सगळ्यांना वाटतं की एकदा हो म्हटलं की दरवाजा बंद. तसं नाहीये. सिस्टर व्हायचं तर नॉव्हिशिएट, म्हणजे सुरुवातीची उमेदवारी, कमीत कमी बारा महिने, मग तात्पुरती व्रतं, ती तीन वर्षांपेक्षा कमी नाहीत, आणि मग कायमची. धर्मगुरू होण्यासाठी तर तत्त्वज्ञान, ईशज्ञान, मधली सेवा, आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय साधारणपणे दीक्षाच नाही. म्हणजे चर्चनेच तपासून बघायला एवढा वेळ ठेवलाय, आपणच सगळं एका वीकेंडला मिटवायला बघतो. आमच्यात एक मुलगा होता, त्यानं देवाला सांगितलेलं की मी घरी जाताना बस वेळेवर आली तर सेमिनरी. एसटीच्या भरवशावर अख्खं आयुष्य! फादरनी त्याला बायबलमधली गिदोनाची लोकरीची गोष्ट, देवाकडे लोकरीवर खूण मागितल्याची, वाचायला दिली आणि सांगितलं की त्यानं खूण मागितली ती घाबरलेला होता म्हणून, ते आधी मान्य कर.

वसईकरांसाठी एक खास. संत गोन्सालो गार्सिया आपलाच, गासला त्याच्या नावाचं चर्च, दरवर्षी सण करतो, पण त्याची पाचारणाची गोष्ट कधी कुणी अशी सांगितली नव्हती. त्याला येशूसंघात जायचं होतं, जपानात त्यांच्यासोबत कामपण केलं, पण ते जमलं नाही. मग व्यापार केला, चांगला चाललेला. आणि नंतर मनिलात फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातला) झाला, फादर नाही, साधा ब्रदर. व्यापारात आणि त्याआधी शिकलेली जपानी भाषा मग दुभाषा म्हणून कामाला आली आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर गेला, १८६२ मध्ये संत. म्हणजे पहिलं दार बंद झालं, मधली वर्षं बाजारात गेली, आणि त्यातलं काही वाया गेलं नाही. हे ऐकताना बँकेच्या काउंटरवरची माझी वर्षं डोळ्यासमोर आली, असो.

ग्रुपमध्ये रत्नागिरीकडचा एक प्रोटेस्टंट मुलगा पण होता, त्यांना येऊ देतात, छान वाटलं. शेवटच्या दिवशी मौन सुटल्यावर तो रेव्हरंड टिळकांबद्दल बोलला. ना. वा. टिळक पण कोकणातलेच, करजगावचे, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि घरात काय वादळ झालं ते आपण शाळेत वाचलंय. त्याचा मुद्दा लक्ष्मीबाईंचा होता, की नवऱ्यानं घेतला म्हणून त्यांनी घेतला नाही, काही वर्षं गेली आणि मग स्वतःला पटल्यावर घेतला. त्याची स्वतःची होणारी बायको त्याच्या मिशन कामाला तयार नव्हती वाटतं, म्हणून त्याच्या मनात ते घोळत असावं. सगळे एकदम गंभीर झाले आणि मावशींनी चहा आणला.

आता तक्रारी. एक अख्खी दुपार पर्सनॅलिटी टेस्टला दिली, बाहेरून एक तज्ज्ञ बोलावलेले, नऊ प्रकारची माणसं आणि तुम्ही त्यातले कितवे. इंग्रजी झेरॉक्स, तीपण अर्धी पुसट, कणकवलीकडच्या दोन मुलींना प्रश्नच कळत नव्हते आणि त्यांनी अंदाजे टिक केलं. मग निकाल सांगितला की तू मदत करणारी, तू परिपूर्णता शोधणारी. बस्स, संध्याकाळभर सगळे एकमेकांकडे नंबर म्हणून बघत होते. स्वतःला ओळखणं म्हणजे हे असेल तर मोबाईलवर पण होतं, त्या दुमडलेल्या पानानं मला जेवढं दाखवलं त्याच्या पाव पण इथे नाही. हे सत्र काढा आणि तो वेळ व्हरांड्यातल्या खुर्च्यांना द्या, कारण मार्गदर्शक कमी आणि आपण जास्त, माझा अर्धा तास दोनदा वीस मिनिटांवर आला.

दुसरी, आणि ही जास्त लागली. मौन सुटल्या सुटल्या दोन-तीन संस्थांची माणसं पत्रकं घेऊन हजर. हसतमुख, चांगली माणसं, पण आत्ताच तराजूचा काटा ऐकून आलेल्या पोरांच्या हातात लगेच फॉर्म? एकानं मला विचारलं, "मग काय ठरलं?" मी म्हटलं चहा प्यायचं ठरलंय. आयोजकांना बोलले मी हे, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी बदललं तर अर्धा स्टार वाढवीन.

लग्न हे पण पाचारण आहे असं भाषणात दहादा म्हणतात, पण एकही जोडपं बोलायला बोलावलेलं नव्हतं. आणि एकटं राहून सेवा करणाऱ्यांबद्दल पाच मिनिटं, तीपण शेवटी. ह्यात सुधारणा हवीच. घरी राहून आईवडिलांना सांभाळणाऱ्या, लग्न न केलेल्या किती बायका प्रत्येक धर्मग्रामात आहेत, त्यातली एक जरी तिथे येऊन बोलली असती तरी ती टेस्ट विसरले असते.

माझं काय ठरलं ते इथे लिहीत नाही. सिस्टरनी सांगितलंय की महिन्यातून एकदा वसईतच कुणाशी तरी बोलत राहा आणि रात्रीचं आत्मपरीक्षण सोडू नको, ते चालू आहे.

जाणाऱ्यांसाठी: टॉर्च न्या, लाईट जाते. ओडोमॉस न्या. स्वतःचं मराठी बायबल न्या, तिथल्या प्रती कमी पडतात. उपवासकाळातली (ईस्टरच्या आधीच्या दिवसांतली) शिबिरं लवकर भरतात तर फादरांकडून पत्र आधीच घेऊन ठेवा. आणि पावसाळ्यात जायचं असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघून तिकीट काढा, गाड्या हळू असतात, आणि कपडे जास्त न्या कारण तिकडे वाळत म्हणून नाहीत.